फाईल घरातच आहे, तरी पायथनला सापडत नाही

वाचकाचं पत्र:

ताई, मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, बाबा गावातल्या दूध संस्थेचे सचिव आहेत. दर दहा दिवसांनी सभासदांची बिलं काढताना त्यांची अख्खी रात्र जाते. म्हणून मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला घेतला. आधी एकच लांबलचक फाईल होती, ती चालायची. मग सर म्हणाले, नीट पॅकेज कर. मी ‘दूध’ नावाचं फोल्डर केलं, त्यात दरपत्रक.पीवाय ठेवली आणि आतल्या ‘हिशेब’ फोल्डरमध्ये बिल.पीवाय. दोन्ही फोल्डरांत __इनिट__.पीवाय आहे. बिलमध्ये ‘फ्रॉम दूध.दरपत्रक इम्पोर्ट दर_काढ’ असं लिहिलं. पायचार्म या एडिटरमध्ये हिरवं बटण दाबलं की चालतं. टर्मिनलमध्ये तीच फाईल चालवली की ‘नो मॉड्यूल नेम्ड दूध’. कुणी सांगितलं टिंबं वापर, म्हणजे ‘फ्रॉम ..दरपत्रक इम्पोर्ट दर_काढ’, तर ‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज’. शेवटी मित्राने सिस.पाथ.अपेंड करून फोल्डरचा पत्ता टाकायला लावला. माझ्या लॅपटॉपवर चाललं, पण संस्थेच्या संगणकावर बाबांसमोर पुन्हा तोच एरर. फाईल डोळ्यांसमोर दिसते आणि पायथन म्हणतो नाही. पुढे दर दहाव्या दिवशी रात्री बिलं आपोआप निघावीत अशी इच्छा आहे, पण हे आपल्याला जमणारं नाही असं वाटू लागलंय. सगळं परत एका फाईलमध्ये टाकू का?

उत्तर:

नको, परत एका फाईलमध्ये टाकू नकोस. तुझी फोल्डरांची रचना बरोबर आहे. दर एका जागी, बिल दुसऱ्या जागी, हे सरांनी योग्यच सांगितलं. तुझी पहिली इम्पोर्टची ओळही बरोबर होती. तू बदलत गेलास ती ओळ, आणि चूक होती फाईल चालवण्याच्या पद्धतीत. एरर इम्पोर्टच्या ओळीवर बोट ठेवतो, म्हणून सगळे तीच ओळ खरवडत बसतात. मीही कामाला लागल्यावर पहिल्या वर्षी दोन दिवस हेच केलं होतं, आणि तेव्हा मलाही वाटलं होतं की बाकीच्यांना काहीतरी कळतं जे मला कळत नाही. कळण्याची गोष्ट एकच आहे, पण ती शिकवणीत क्वचितच कुणी सांगतं. म्हणून आज जरा विस्ताराने लिहिते.

आधी एक सूचना. हे सदर देवनागरीत छापलं जातं, म्हणून कोडही देवनागरीत लिहिते आहे. तू टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांतच कर.

‘दूध’ हे फोल्डर ज्या बाहेरच्या फोल्डरमध्ये आहे त्याला आपण ‘संस्था’ म्हणू. तू टर्मिनल ‘संस्था’मध्ये उघडलंस आणि लिहिलंस:

पायथन दूध/हिशेब/बिल.पीवाय

तुला वाटलं, मी ‘संस्था’मध्ये उभा आहे, ‘दूध’ माझ्या समोर आहे, तर पायथनलाही ते समोर दिसेल. इथेच घोटाळा आहे. अशी फाईल थेट चालवली की तू कुठे उभा आहेस याच्याशी पायथनला कर्तव्य नसतं. मॉड्यूल कुठे शोधायचं याची त्याच्याकडे एक यादी असते, सिस.पाथ. त्या यादीत सगळ्यात वर तो ठेवतो ते, चालवलेली फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर. म्हणजे ‘संस्था/दूध/हिशेब’. मग इम्पोर्टच्या ओळीवर आल्यावर तो ‘हिशेब’च्या आत ‘दूध’ शोधतो. तिथे ते नाहीच. पुढे पायथनची स्वतःची लायब्ररी, मग पिपने (पॅकेजेस बसवणाऱ्या पायथनच्या साधनाने) बसवलेली पॅकेजेस, असं सगळं धुंडाळतो आणि ‘नो मॉड्यूल नेम्ड दूध’ म्हणून हात टेकतो. तो खरंच बोलतोय. ज्या खोलीत तू त्याला उभं केलंस त्या खोलीत दूध नाही, दूध त्या खोलीला वेढून आहे.

मग पायचार्ममध्ये का चाललं? कारण पायचार्म प्रोजेक्टचं मूळ फोल्डर आपणहून शोधाच्या यादीत घालतो. रन कॉन्फिगरेशनमध्ये कंटेंट रूट आणि सोर्स रूट पायथनपाथमध्ये जोडण्याचे दोन पर्याय असतात आणि ते मुळातच टिक केलेले असतात. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे असं वाटतं की कोड सगळीकडे चालेल. कोड चालत होता तो पायचार्मने हात धरला होता म्हणून. संस्थेच्या संगणकावर पायचार्म नाही, हात धरणारं कुणी नाही.

आता टिंबांचा एरर. त्याचे शब्द नीट वाच: ‘नो नोन पेरेंट पॅकेज’. पालक माहीत नाही, असं तो म्हणतोय. आपल्याकडे माणसाची ओळख कशी सांगतात? नाव, वडिलांचं नाव, आडनाव. गल्लीत ‘ए बाळ्या’ अशी हाक मारली तर कुठल्या घरचा बाळ्या हे कळत नाही. पायथनमध्ये फाईल थेट चालवली की तिला अशीच हाक जाते. तिचं __नेम__ होतं ‘__मेन__’ आणि __पॅकेज__ राहतं ‘नन’, म्हणजे काहीच नाही. ती दूध.हिशेब घराण्यातली बिल आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि टिंबाचा अर्थ काय? एक टिंब म्हणजे ‘आमच्याच घरातलं’, दोन टिंबं म्हणजे ‘आमच्या वडीलधाऱ्यांच्या घरातलं’. ज्याला आपलं घर ठाऊक नाही त्याने ‘आमच्या घरातलं’ म्हणावं तरी कशाच्या जोरावर? पायथन हे सगळं फोल्डर पाहून ठरवत नाही, फाईलला दिलेल्या नावावरून ठरवतो. ही ओळ वहीत लिहून ठेव: फाईल कुठे ठेवली आहे याने टिंबांचा अर्थ ठरत नाही, तिला कोणत्या नावाने बोलावलं याने ठरतो.

म्हणून उपाय असा. ‘संस्था’मध्येच उभा राहा आणि फाईलला पूर्ण नावाने बोलाव:

पायथन -एम दूध.हिशेब.बिल

‘एम’ म्हणजे मॉड्यूल. तिरकी रेघ नाही, टिंबं आहेत. शेवटी .पीवाय नाही. सवयीने .पीवाय लिहिलंस तर पायथन बिलच्या आत ‘पीवाय’ नावाचं काहीतरी शोधू लागेल आणि नवा एरर देईल. या पद्धतीत दोन गोष्टी बदलतात. यादीत सगळ्यात वर आता तू उभा आहेस ते फोल्डर येतं, म्हणजे ‘संस्था’, त्यामुळे ‘दूध’ सापडतं. आणि फाईलचं __नेम__ अजूनही ‘__मेन__’ असलं तरी __पॅकेज__मध्ये ‘दूध.हिशेब’ भरलं जातं, त्यामुळे टिंबांनाही अर्थ येतो. तुझे दोन्ही एरर या एका बदलाने जातील, आणि इम्पोर्टची ओळ कोणतीही ठेवलीस, टिंबांची किंवा पूर्ण नावाची, तरी चालेल.

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. बिल.पीवायमध्ये अगदी वर, इतर कुठल्याही इम्पोर्टच्या आधी, या दोन ओळी तात्पुरत्या घाल:

इम्पोर्ट सिस
प्रिंट(__नेम__, __पॅकेज__, सिस.पाथ[0])

एकदा थेट चालव, एकदा -एमने चालव. पहिल्यांदा ‘__मेन__ नन’ आणि पुढे ‘हिशेब’पर्यंतचा पत्ता छापला जाईल. दुसऱ्यांदा ‘__मेन__ दूध.हिशेब’ आणि ‘संस्था’चा पत्ता. हा फरक डोळ्यांनी पाहिला की विषय कायमचा बसतो. इम्पोर्टचा कुठलाही एरर आला की मी आजही आधी हीच ओळ छापून बघते, इंटरनेटवर शोधायला नंतर जाते.

-एम वापरताना एक चूक हमखास होते. लोक ‘दूध’च्या आत शिरतात आणि तिथून ‘पायथन -एम हिशेब.बिल’ चालवतात. मग फाईलचं घराणं फक्त ‘हिशेब’ उरतं. वर ‘दूध’ आहे हे पायथनला कळत नाही, आणि दोन टिंबांची ओळ आली की तो म्हणतो, ‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट बियॉन्ड टॉप-लेव्हल पॅकेज’. म्हणजे तू घराच्या छपराच्याही वर जायला सांगतोयस. हा एरर दिसला की इम्पोर्टला हात लावू नको, एक फोल्डर मागे ये.

आता मित्राने सुचवलेल्या ओळीबद्दल. सिस.पाथ.अपेंडने काम होतं, हे खरं. त्याचा हेतूही चांगला होता. पण तुझ्या पत्रासोबतच्या कोडमध्ये मी पाहिलं की त्यात तुझ्या लॅपटॉपवरचा, तुझ्या यूजरनावासकट पूर्ण पत्ता आहे. संस्थेच्या संगणकावर तो पत्ताच नाही. तिथे एरर आला तो यामुळे. पण मला त्याहून मोठी काळजी दुसरीच वाटते. तू यादीत ‘दूध’ फोल्डर घातलंस आणि बिलमध्ये ‘फ्रॉम दरपत्रक इम्पोर्ट दर_काढ’ असं केलंस. दुसऱ्या एका फाईलमध्ये मात्र जुनी ‘फ्रॉम दूध.दरपत्रक’ ही ओळ तशीच आहे. पायथनसाठी ‘दरपत्रक’ आणि ‘दूध.दरपत्रक’ ही दोन वेगळी मॉड्यूल्स आहेत. फाईल एकच, पण तो ती दोनदा वाचतो आणि दोन स्वतंत्र प्रती मेमरीत ठेवतो. समजा, प्रोग्राम चालू असताना तू एका प्रतीत म्हशीच्या दुधाचा दर बदललास, तर दुसऱ्या प्रतीत जुनाच दर राहील. एरर येणार नाही. बिल छापलं जाईल, आणि त्यात फॅट बरोबर, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बरोबर, रक्कम चुकीची. पहाटे उठून धारा काढणाऱ्या माणसाच्या पैशाचा हा प्रश्न आहे, म्हणून ही गोष्ट इतकी ठासून सांगते. पॅकेजच्या आतल्या फाईलमध्ये सिस.पाथ बदलू नकोस. सगळ्या फाईल्समधून त्या ओळी काढून टाक आणि सगळीकडे ‘फ्रॉम दूध.दरपत्रक’ असं पूर्ण नाव लिही. पायथनची लेखनशैली ठरवणारं पेप 8 हे टिपणसुद्धा पूर्ण नावाची इम्पोर्ट पसंत करतं, टिंबांची चालते म्हणतं. तुझ्या एवढ्याशा पॅकेजला पूर्ण नावच वाचायला सोपं पडेल.

दोन प्रतींचा हाच प्रकार आणखी एका वाटेने होतो, आणि -एमने तो टळत नाही. तू जी फाईल चालवतोस ती ‘__मेन__’ म्हणून नोंदवली जाते. आता दुसऱ्या कुठल्या फाईलने ‘फ्रॉम दूध.हिशेब.बिल इम्पोर्ट बिल_रचना’ असं म्हटलं, तर पायथन आपल्या नोंदवहीत ‘दूध.हिशेब.बिल’ शोधतो. त्याला तिथे फक्त ‘__मेन__’ दिसतं, म्हणून तो तीच फाईल पुन्हा वाचतो. मग एकाच नावाचे दोन क्लास तयार होतात. एकाची वस्तू दुसऱ्याची आहे का असं इझइन्स्टन्सने विचारलं की उत्तर येतं ‘फॉल्स’, आणि माणूस रात्रभर डोकं धरून बसतो. ‘हिशेब’च्या __इनिट__.पीवायमध्ये तू बिल इम्पोर्ट करून ठेवलं आहेस, त्यामुळे -एमने चालवल्यावर तुला एक रनटाइम वॉर्निंग दिसेल, ‘फाउंड इन सिस.मॉड्यूल्स’ अशी काहीतरी. ती हीच तक्रार आहे. दोन्ही __इनिट__ फाईल्स रिकाम्या कर. रिकामी __इनिट__ ही काही अर्धवट राहिलेली फाईल नव्हे, बहुतेक वेळा ती रिकामीच बरी.

आणि त्या पुसूनही टाकू नकोस. पायथन 3.3 पासून __इनिट__ नसलेलं फोल्डरही इम्पोर्ट होतं, हे तू कुठेतरी वाचशील. ते खरं आहे, पण ती सोय एकच पॅकेज अनेक ठिकाणी विभागून ठेवणाऱ्यांसाठी आहे. तुला तिची गरज नाही.

चालवण्यासाठी मात्र एक वेगळी, छोटी फाईल कर. ‘दूध’च्या आत __मेन__.पीवाय नावाची. तिच्यात दोनच ओळी असाव्यात: ‘फ्रॉम दूध.हिशेब.बिल इम्पोर्ट मुख्य’ आणि त्याखाली ‘मुख्य()’. म्हणजे बिल.पीवायमध्ये ‘मुख्य’ नावाचं फंक्शन हवं, ते बिलं काढण्याचं सगळं काम सुरू करेल. ही फाईल असली की तू नुसतं ‘पायथन -एम दूध’ म्हणू शकतोस. बिल.पीवाय आता फक्त इम्पोर्ट होते, चालवली कधीच जात नाही, म्हणून दोन प्रतींचा प्रश्नच उरत नाही. पॅकेजच्या आतल्या फाईल्स सुटसुटीत मॉड्यूल्स राहाव्यात आणि सुरुवात करणारं दार एकच असावं, हे माझं ठाम मत आहे.

हे मत माझ्या एकटीचं नाही. 2007 साली ब्रेट कॅनन यांनी पेप 3122 नावाचा प्रस्ताव मांडला होता, पॅकेजच्या आतली फाईल थेट चालवता यावी म्हणून पायथनमध्ये बदल करण्याचा. पायथनचे जनक गिडो व्हान रोसम यांनी तो फेटाळला. पॅकेजच्या फोल्डरमध्ये राहणारी स्क्रिप्ट चालवणं हीच मुळात वाईट सवय आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्याच वर्षी आलेल्या पायथन 2.6 मध्ये __पॅकेज__ची सोय झाली आणि -एमने चालवलेल्या फाईलमध्ये टिंबांची इम्पोर्ट चालू लागली. तुझ्या एररमागे इतका जुना वाद आहे. म्हणून तो समजला नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझ्या कोडमध्ये अजून एक सुरुंग पेरलेला सापडला. ‘हिशेब’मध्ये तू दहा दिवसांचे गट पाडायला कॅलेंडर.पीवाय नावाची फाईल केली आहेस. याच नावाचं मॉड्यूल पायथनच्या लायब्ररीत आधीपासून आहे. बिल.पीवाय थेट चालवली की यादीत ‘हिशेब’ सगळ्यात वर, म्हणून ‘कॅलेंडर’ मागणाऱ्या प्रत्येकाला तुझी फाईल मिळते. तू स्वतः ती मागितली नाहीस तरीही. डेटटाइममधलं स्ट्रपटाइम, जे तू संकलनाची तारीख वाचायला वापरतोस, ते आतून लायब्ररीचं कॅलेंडर वापरतं. त्याला वारांची नावं हवी असतात आणि तुझ्या फाईलमध्ये ती नाहीत. मग असा काही ॲट्रिब्यूट एरर येतो की त्याचा तुझ्या फाईलशी संबंध असेल असं स्वप्नातही येणार नाही. -एमने चालवलंस तर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तुझी फाईल ‘दूध.हिशेब.कॅलेंडर’ असते आणि लायब्ररीतली नुसती ‘कॅलेंडर’. तरी नाव बदल, ‘कालावधी’ ठेव. रँडम, ईमेल, सीएसव्ही, टेस्ट ही नावंही टाळ. पायथन 3.13 पासून तर एररच सांगतो की तुझ्या फाईलचं नाव लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, ते बदलून बघ. जुन्या आवृत्त्या हे सांगत नाहीत.

एडिटरचं थोडक्यात. पायचार्मच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये ‘स्क्रिप्ट’च्या जागी ‘मॉड्यूल’ निवड आणि ‘दूध’ लिही. वर्किंग डिरेक्टरी ‘संस्था’ ठेव. व्हीएस कोड वापरत असशील तर लाँच.जेसनमध्ये ‘प्रोग्राम’ऐवजी ‘मॉड्यूल’ ही किल्ली असते. मग बटण आणि टर्मिनल दोन्हीकडे एकच गोष्ट घडेल, आणि तुझ्याकडे चालतं पण बाबांकडे चालत नाही अशी वेळ फारशी येणार नाही.

आता संस्थेचा संगणक. बाबांना ‘आधी या फोल्डरमध्ये जा, मग हे टाइप करा’ असं सांगणं योग्य नाही. पॅकेज तिथे रीतसर बसवून टाक. ‘संस्था’ फोल्डरमध्ये, ‘दूध’च्या शेजारी, पायप्रोजेक्ट.टॉमल नावाची फाईल कर. तिच्यात ‘बिल्ड-सिस्टिम’खाली सेटअपटूल्स हे पॅकेज बांधणारं साधन मागायचं आणि ‘प्रोजेक्ट’खाली नाव आणि आवृत्ती लिहायची, एवढ्यावर भागतं. मग संस्थेच्या संगणकावर, त्या फोल्डरमध्ये:

पीवाय -एम पिप इन्स्टॉल .

‘पीवाय’ ही विंडोजवर पायथन चालवायची आज्ञा. शेवटचं टिंब विसरू नकोस, ‘हेच फोल्डर’ असा त्याचा अर्थ. नुसतं ‘पिप’ न म्हणता ‘पीवाय -एम पिप’ म्हणायचं, कारण एका संगणकावर दोन पायथन असले तर पिप एकात बसवतं आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. मग पुन्हा ‘नो मॉड्यूल नेम्ड दूध’. एकदा हे बसलं की ‘दूध’ पिपच्या इतर पॅकेजेसच्या शेजारी जाऊन बसतं आणि कुठल्याही फोल्डरमधून ‘पीवाय -एम दूध’ चालतं. डेस्कटॉपवर बिल.बॅट नावाची फाईल करून तिच्यात ती एक ओळ आणि खाली ‘पॉज’ लिही, म्हणजे काम झाल्यावर खिडकी लगेच मिटणार नाही आणि काही एरर आला तर बाबांना फोनवर वाचून दाखवता येईल. बाबांनी फक्त दोनदा क्लिक करायचं.

तुझ्या लॅपटॉपवर मात्र ‘पीवाय -एम पिप इन्स्टॉल -ई .’ असं कर. या ‘ई’मुळे कोडची प्रत होत नाही, तुझ्याच फोल्डरकडे खूण केली जाते. तू बदल केलास की तो लगेच लागू. संस्थेत तसं नाही. तिथे नवा कोड नेलास की पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल, आणि पैशाच्या हिशेबासाठी तेच बरं आहे. अर्धवट बदल चुकूनही बिलात जाणार नाही.

इन्स्टॉल करताना ‘मल्टिपल टॉप-लेव्हल पॅकेजेस’ अशी तक्रार आली तर घाबरू नकोस. तू ‘संस्था’मध्ये ‘दूध’शेजारी ‘जुनी_बिलं’ असं फोल्डर ठेवलं आहेस. दोघांतलं पॅकेज कोणतं हे सेटअपटूल्सला कळत नाही. ‘एसआरसी’ नावाचं फोल्डर करून ‘दूध’ त्यात हलव, तो मग तिथेच बघतो. फक्त त्यानंतर ‘संस्था’मध्ये उभं राहून -एम चालवायचं असेल तर वरचं ‘-ई’वालं इन्स्टॉल आधी केलेलं हवं.

इम्पोर्ट सुटलं की लगेच तुला पुढचा एरर भेटेल, तो आताच सांगून ठेवते. दरपत्रक.पीवायमध्ये तू ‘दर.सीएसव्ही’ नुसत्या नावाने उघडतोस. अशी फाईल पायथन शोधतो ती तू उभा आहेस त्या फोल्डरमध्ये. मॉड्यूल शोधायची यादी इथे कामाला येत नाही. म्हणून बॅट फाईलवरून चालवलं की ‘फाईल नॉट फाउंड’ येईल. एरवी मी म्हटलं असतं की __फाईल__वरून पत्ता काढ, पाथ(__फाईल__).पेरेंट असा, म्हणजे डेटाची फाईल मॉड्यूलच्या शेजारी सापडते. पण दूध दर हा कोडचा भाग नाही. संघाने परिपत्रक काढलं की तो बदलतो, आणि तेव्हा बाबांना तो एक्सेलमध्ये उघडून बदलता आला पाहिजे. तो पॅकेजबाहेर, संस्थेच्या नेहमीच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेव आणि त्याचा पूर्ण पत्ता बॅट फाईलमधून प्रोग्रामला दे. पत्ता त्या संगणकापुरता आहे, तर तो त्या संगणकावरच्या फाईलमध्येच असावा.

पत्रात तू लिहिलंस की दर दहाव्या दिवशी रात्री बिलं आपोआप निघावीत अशी पुढची इच्छा आहे. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये काम लावताना ‘स्टार्ट इन’ नावाचा एक रकाना असतो, बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. रिकामा सोडला तर प्रोग्राम भलत्याच फोल्डरमध्ये उभा राहून चालतो. माझ्या एका जुन्या नोकरीत रात्रीचं काम याच कारणाने पंधरा दिवस गप्प पडलं होतं, आणि हाताने चालवलं की दर वेळी व्यवस्थित चालायचं. तो रकाना भर. आणि पहिले दोन-तीन हप्ते बाबांची हाताने केलेली बिलं आणि प्रोग्रामची बिलं शेजारी ठेवून सभासदवार ताडून बघ. फरक आला तर आधी वर सांगितलेली प्रिंटची ओळ घालून बघ आणि जे छापलं जाईल ते मला जसंच्या तसं पाठव, स्क्रीनच्या फोटोपेक्षा मजकूर कॉपी करून पाठवलास तर बरं.